गुंजाला गोंडी लिपी आणि पायथॉनची अट : मुक्तस्रोत प्रकल्पांच्या बांधणीचा एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आदिलाबाद जिल्ह्याच्या नारनूर मंडलात गुंजाला हे गोंड वस्तीचे गाव आहे. या गावात जपून ठेवलेली सुमारे डझनभर हस्तलिखिते हैदराबाद विद्यापीठाचे प्रा. जयधीर तिरुमल राव यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासगटाच्या हाती आली आणि गोंडी भाषेची एक स्वतंत्र लिपी अभ्यासकांपुढे आली. हस्तलिखितांचा काळ अभ्यासकांनी सुमारे १७५० असा मानला आहे. वार, महिने, सण आणि गोंडी अंक यांची नावे त्यांत आहेत. २०१४ च्या आरंभी या लिपीचा प्राथमिक फाँट प्रकाशित झाला. ५ जून २०१८ रोजी युनिकोडची ११ वी आवृत्ती प्रसिद्ध झाली व तीत गुंजाला गोंडीच्या ६३ चिन्हांना जागतिक क्रमांक मिळाले.

येथपर्यंतचा इतिहास वृत्तपत्रांतून आलेला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्यापुढचा आहे. क्रमांक मिळाले म्हणजे अक्षर पडद्यावर उमटले असे होत नाही. त्यासाठी अनेक मुक्तस्रोत प्रकल्पांना आपापली सॉफ्टवेअर नव्याने बांधावी लागतात, आणि या बांधणीच्या वाटेवर एक अट वारंवार भेटते : आधी पायथॉन ही स्क्रिप्टिंग भाषा संगणकावर असली पाहिजे. ही अट कोठून आली, तिच्यावर वाद का झाले आणि आदिलाबादसारख्या भागातील शिक्षकाच्या दृष्टीने तिचा अर्थ काय, याचा आढावा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. इंग्रजीत लिपीलाही स्क्रिप्ट म्हणतात आणि संगणकाला क्रमाने कामे सांगणाऱ्या छोट्या कार्यक्रमालाही स्क्रिप्टच म्हणतात. या लेखात लिपीसाठी 'लिपी' हाच शब्द वापरला आहे. 'स्क्रिप्ट' म्हणजे सर्वत्र असा कार्यक्रम समजावा.

पार्श्वभूमी : लिपी आणि पूर्वअट

आदिलाबाद हा भाषांच्या सरहद्दीवरचा प्रदेश. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुकेही याच जिल्ह्यात होते. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू, बाजारात मराठी आणि तेलुगू, आणि डोंगरात गोंडी व कोलामी अशी स्थिती होती. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमरम भीम मारले गेल्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या प्रश्नांचा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपविला. त्यांच्या योजनेतून १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि गोंडीतून प्राथमिक पुस्तके तयार झाली. ती देवनागरीत होती. त्या भागात मराठीची लिपी परिचित होती, म्हणून ही निवड व्यवहार्य होती. परंतु मातृभाषा वाचण्यासाठी आधी दुसऱ्या भाषेची लिपी शिकावी लागणे, ही अट तिच्यात होतीच.

१९१८ मध्ये बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी गोंडीसाठी वेगळी लिपी रचली. ती २०१७ मध्ये युनिकोडच्या १० व्या आवृत्तीत आली. गुंजालाची लिपी मात्र कोणा एकाने अलीकडे रचलेली नसून हस्तलिखितांच्या परंपरेतून आलेली आहे. आदिलाबादच्या गोंड शाळांत ती शिकविण्याचे प्रयत्न झाले, ते याच अभिमानातून. लिपीची उसनवारी संपली. आता प्रश्न होता संगणकातील उसनवारीचा.

बांधणी म्हणजे काय ?

ज्या अध्यापकांचा संगणकशास्त्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण करतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये मूळ लेखन, म्हणजे सोर्स कोड, सर्वांना खुले असते. ते कोणीही वाचावे, बदलावे, वाटावे अशी परवानगी असते. मात्र मूळ लेखन जसेच्या तसे संगणकावर चालत नाही. कंपायलर व इतर साधनांनी त्याचे चालणाऱ्या स्वरूपात रूपांतर करावे लागते. या सर्व टप्प्यांना मिळून बिल्ड किंवा बांधणी म्हणतात. ज्वारी फुकट मिळाली तरी भाकरीसाठी जाते आणि तवा लागतोच. बांधणीची साधने म्हणजे हे जाते आणि तवा होत.

१९७६ मध्ये बेल लॅबमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' हे साधन तयार केले. कोणती फाईल कोणत्या फाईलवर अवलंबून आहे हे त्याला लिहून दिले की आवश्यक तेवढेच भाग ते नव्याने बांधते. १९८७ मध्ये लॅरी वॉल यांची पर्ल आणि १९९१ मध्ये गिडो व्हान रोसम यांची पायथॉन या भाषा प्रसिद्ध झाल्या. मजकूर चाळणे, तक्ते तयार करणे अशी कामे या भाषांत थोड्या ओळींत होतात. त्यामुळे बांधणीच्या मधल्या कामांसाठी प्रकल्पांनी त्यांचा आधार घेणे साहजिक होते.

जुना दंडक : बांधणाऱ्यावर ओझे नको

१९८० च्या दशकात सुरू झालेल्या ग्नू प्रकल्पाने या बाबतीत एक कडक दंडक घालून दिला. बांधणीच्या नियमांत ऑक, ग्रेप, सेड, सॉर्ट यांसारखी प्रत्येक युनिक्सवर आढळणारी मोजकी साधनेच थेट वापरावीत, असे त्याच्या लेखननियमांत सांगितले आहे. त्या यादीत पर्लही नाही आणि पायथॉनही नाही.

मग ग्नूचे लोक या भाषा वापरतच नव्हते काय ? वापरत होते. १९९१ मध्ये आलेले ऑटोकॉन्फ हे साधन एम-फोर या भाषेवर उभे आहे, आणि त्याचे जोडीदार ऑटोमेक पर्लमध्ये लिहिलेले आहे. परंतु ही साधने प्रकल्प सांभाळणाऱ्याने चालवावयाची. त्यांतून तयार होणारी 'कॉन्फिगर' ही फाईल वितरणाच्या गाठोड्यात आयती घालून द्यावयाची. घेणाऱ्याला साधे शेल, मेक आणि कंपायलर एवढेच पुरे. म्हणजे जड साधनाचा भार कर्त्यावर आणि हलके साधन घेणाऱ्यावर, अशी ही विभागणी होती. पुढील सर्व वादांचे मूळ ही विभागणी पाळावी की मोडावी या प्रश्नात आहे.

लिनक्समधील दोन वाद

पहिला वाद पायथॉनचा. लिनक्स कर्नल बांधण्यापूर्वी त्यात कोणते भाग हवेत हे निवडावे लागते. ही निवड करणारी जुनी व्यवस्था विस्कळीत झाली होती. एरिक रेमंड यांनी २००० नंतर सीएमएल-टू नावाची नवी व्यवस्था पायथॉनमध्ये लिहिली. तिच्यावर अनेक आक्षेप आले. त्यांतील एक ठळक आक्षेप हा होता की, कर्नल बांधण्यासाठी आता प्रत्येकाने पायथॉन बसवायचे काय ? अखेर ती व्यवस्था स्वीकारली गेली नाही. २००२ च्या अखेरीस कर्नलच्या २.५.४५ या आवृत्तीत रोमन झिप्पेल यांची सी भाषेत लिहिलेली व्यवस्था आली. सी कंपायलर तर कर्नलसाठी लागतोच, त्यामुळे नवी अट पडली नाही.

दुसरा वाद पर्लचा. एप्रिल २००८ मध्ये आलेल्या २.६.२५ या आवृत्तीत एक छोटी पर्ल स्क्रिप्ट दाखल झाली. घड्याळाच्या ठोक्यांचे मिलिसेकंदांत रूपांतर करण्यासाठी लागणारे स्थिरांक काढणे एवढेच तिचे काम. पण या एका फाईलमुळे कर्नल बांधण्यासाठी पर्ल आवश्यक झाली. रॉब लँडली यांनी ही अट काढून टाकणारे बदल अनेक वर्षे पुन्हा पुन्हा सादर केले. केवळ सात पॅकेजांतून स्वतःला पुन्हा बांधू शकेल अशी छोटी प्रणाली उभी करण्याचा त्यांचा प्रयत्न होता, आणि पर्लसारखी मोठी भाषा त्या हिशेबात बसत नव्हती. २०१३ मध्ये ती पर्ल स्क्रिप्ट गेली. तिच्या जागी बीसी या युनिक्सच्या जुन्या गणनसाधनाची स्क्रिप्ट आली. अट पूर्ण संपली नाही, हलकी झाली.

या दोन्ही वादांत भाषा चांगली की वाईट हा मुद्दा नव्हता. कामाच्या मानाने अट किती मोठी आहे आणि तिचा भार कोण उचलणार, हा मुद्दा होता.

गुंजालाची अक्षरे ज्या वाटेने आली

आता २०१८ कडे वळू. युनिकोड संस्था नव्या चिन्हांची माहिती साध्या मजकुराच्या तक्त्यांत देते. कोणते चिन्ह अक्षर आहे, कोणते मात्रा, कोणते अंक, हे तेथे नोंदलेले असते. प्रत्येक प्रकल्प हे तक्ते आपल्या सोयीच्या स्वरूपात आणतो, आणि हे काम बहुधा स्क्रिप्ट करते.

लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक कार्यक्रमांच्या मुळाशी ग्नूची सी लायब्ररी असते. तिच्या ऑगस्ट २०१८ मधील २.२८ या आवृत्तीत युनिकोड ११ ची माहिती आली. त्यासाठीचे तक्ते पायथॉन स्क्रिप्टांनी तयार केले गेले. परंतु ते काम प्रकल्पातच झाले होते व तयार तक्ते गाठोड्यात दिलेले होते. बांधणाऱ्याला त्यासाठी पायथॉनची गरज नव्हती. जुना दंडक येथे पाळला गेला.

पुढील २.२९ ही आवृत्ती २०१९ च्या आरंभी आली. तिच्या घोषणेत स्पष्ट म्हटले होते की, ही लायब्ररी बांधण्यासाठी पायथॉन ३.४ किंवा त्यानंतरची आवृत्ती आवश्यक आहे. बांधणीतील ऑक आणि पर्लच्या काही जुन्या स्क्रिप्टा पायथॉनमध्ये नव्याने लिहिल्या गेल्या होत्या. यामागील कारण समजण्यासारखे आहे. जुन्या ऑक स्क्रिप्टा समजून दुरुस्त करणारे लोक कमी होत जातात, तर पायथॉन जाणणारे वाढत आहेत. मात्र एक पेच निर्माण झाला. पायथॉन स्वतः सी लायब्ररीवर चालते. कोऱ्या संगणकप्रणालीवर आधी लायब्ररी बांधावी की आधी पायथॉन ? व्यवहारात दुसऱ्या तयार प्रणालीच्या मदतीने हा पेच सोडवितात. तरीही शून्यापासून सर्व काही स्वतः बांधू पाहणाऱ्याची वाट एका पायरीने लांबली, हे खरे.

अक्षरांची जुळणी करणाऱ्या हार्फबझ या लायब्ररीचे उदाहरण अधिक बोलके आहे. बेहदाद इस्फहबोद यांनी वाढविलेल्या या प्रकल्पाचे नाव फार्सी आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुले. ओपनटाईप या फाँटपद्धतीच्या नावाचे ते फार्सी रूप आहे. उर्दू जाणणाऱ्या वाचकांना त्यातील खुबी सहज कळेल. मात्रा कोठे बसावी, जोडाक्षर कसे व्हावे, हे ठरविण्याचे काम ही लायब्ररी करते. युनिकोड ११ मधील नव्या लिपींबरोबर गुंजाला गोंडीचाही तिच्यात समावेश झाला. चिन्हांचे वर्गीकरण करणारा तक्ता येथेही पायथॉन स्क्रिप्टच तयार करते, पण तयार झालेली फाईल मूळ लेखनातच ठेवलेली असते. शिवाय सर्व भाग एकत्र ओढून घेणारी एक फाईलही दिलेली आहे, जी सी-प्लस-प्लस कंपायलरने एकाच आज्ञेत बांधता येते. प्रकल्पाची नेहमीची बांधणी पुढे मेसन या साधनाकडे गेली, आणि मेसन पायथॉनमध्येच लिहिलेले आहे. तथापि पायथॉन नसलेल्यासाठी बाजूचे दार उघडे राहिले.

फाँटची गोष्ट : लोहित आणि नोटो

राहिला फाँट. भारतीय भाषांच्या मुक्त फाँटांचा इतिहास पुण्याशी जोडलेला आहे. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये लोहित या नावाने पाच लिपींचे फाँट ग्नूच्या परवान्याखाली खुले केले. पुढे कंपनीच्या पुणे येथील केंद्रातील मंडळींनी त्यांची देखभाल केली आणि मराठी, तेलुगूसह अनेक भाषांपर्यंत त्यांचा विस्तार झाला. २०११ मध्ये त्यांना फाँटांसाठीचा खास मुक्त परवाना मिळाला. पुढील आवृत्त्यांच्या बांधणीत फाँटफोर्ज हा मुक्त संपादक आणि त्याला कामे सांगणाऱ्या पायथॉन स्क्रिप्टा आल्या. १ जानेवारी २०२० पासून पायथॉन २ ची देखभाल थांबली, तेव्हा जगभर असंख्य प्रकल्पांना अशा जुन्या स्क्रिप्टा पायथॉन ३ साठी बदलाव्या लागल्या. अक्षराचे वळण तेच, परवाना तोच, पण बांधणीची भाषा बदलली म्हणून काम निघाले. अटीची किंमत एकदाच द्यावी लागत नाही, ती वेळोवेळी द्यावी लागते, हे यावरून दिसते.

गुंजाला गोंडीचा सर्वत्र सहज मिळणारा मुक्त फाँट म्हणजे गूगलच्या नोटो मालिकेतील नोटो सॅन्स गुंजाला गोंडी. त्याची मूळ रेखाटने खुली आहेत व परवाना बदल करण्यास मुभा देतो. त्याची अधिकृत बांधणी मात्र पूर्णपणे पायथॉनवर उभी आहे. बांधणीची आज्ञा दिली की प्रथम पायथॉनचा स्वतंत्र कप्पा तयार होतो, त्यात आवश्यक साधने इंटरनेटवरून उतरविली जातात आणि मग फाँटमेक हे साधन रेखाटनांपासून फाँट तयार करते.

येथे प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. समजा, नारनूरच्या एखाद्या शाळेतील गोंड शिक्षकाला वाटले की एका अक्षराचे वळण हस्तलिखिताशी जुळत नाही. परवाना त्याला म्हणतो, बदल कर. रेखाटन त्याच्यासमोर आहे. संपादकात उघडून ते वळण दुरुस्त करून कामापुरता फाँट काढणेही शक्य आहे. पण मूळ प्रकल्पाने जसा फाँट दिला तसाच, त्याच तपासण्यांतून गेलेला, पुन्हा बांधायचा तर पायथॉन, तिची डझनावारी साधने आणि पुरेसे इंटरनेट हवे. वाचण्याचा हक्क आणि बांधण्याची क्षमता यांत असे अंतर पडते.

दुसरी बाजू

या अटीच्या विरुद्ध बोलणे सोपे आहे. म्हणून दुसरी बाजूही मांडणे न्यायाचे ठरेल.

तयार फाईल गाठोड्यात देण्याची जुनी रीत निर्धोक नाही. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या प्रकल्पातील घुसखोरी उघड केली. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या वितरणाच्या गाठोड्यात एम-फोर भाषेतील बांधणीची एक फाईल बदललेली होती. सर्वांना दिसणाऱ्या मूळ भांडारात ती त्या रूपात नव्हतीच. आयत्या फाईली सहसा कोणी वाचत नाही, याचा फायदा घेतला गेला. प्रत्येकाने मूळ लेखनापासून स्वतः बांधले असते, तर ती फाईल त्या वाटेने आत आली नसती. म्हणजे 'स्क्रिप्ट तुम्हीच चालवा' ही अट ओझे असली तरी ती विश्वासाचे साधनही आहे.

दुसरे असे की पायथॉन मोफत आहे, तिचे लेखन वाचण्यास सोपे आहे आणि केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात तीच शिकविली जाते. सी-प्लस-प्लसमधील हजारो ओळींपेक्षा पायथॉनमधील तक्ता तयार करणारी स्क्रिप्ट महाविद्यालयातील विद्यार्थी लवकर समजू शकतो. पंचवीस वर्षांपूर्वी जी भाषा परकी अट वाटली, ती आता वर्गात आलेली आहे. अट तीच असली तरी ती पाळणाऱ्याचे हात बदलले की तिचे वजन बदलते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. एक, बांधणीत स्क्रिप्टिंग भाषेची अट घालणे हा केवळ सोयीचा निर्णय नसतो. सांभाळणाऱ्याचे श्रम कमी होतात तेव्हा बांधणाऱ्याचे काही वाढतात, आणि हा वाटप कोणाला विचारून होत नाही. दोन, अट कामाच्या प्रमाणात असावी. स्थिरांकांच्या एका तक्त्यासाठी सर्वांवर पर्ल लादणे आणि लिपीच्या संपूर्ण फाँटसाठी पायथॉन मागणे, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. तीन, सर्वांत उचित रीत हार्फबझने दाखविली आहे. स्क्रिप्टही खुली ठेवावी आणि तिने तयार केलेली फाईलही द्यावी. ज्याच्याकडे साधन आहे त्याने पडताळावे, ज्याच्याकडे नाही त्याचे काम अडू नये. एक्सझेडचा धडा लक्षात घेता ही पडताळणी कोणीतरी खरोखर करीत राहणे मात्र आवश्यक आहे.

मारलवाईच्या केंद्रात १९४३ मध्ये केवळ पुस्तके छापली गेली नाहीत, गोंड शिक्षक तयार करण्यात आले. अट तात्काळ काढता येत नसेल तर ती पेलणारी माणसे त्याच समाजातून उभी करावीत, हा त्या प्रयोगाचा अर्थ होता. आज सीमाभागातील महाविद्यालयांत संगणक शिकविणाऱ्या अध्यापकांना तेच करता येण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांना पायथॉनमध्ये बेरजा-वजाबाक्या आणि गुणपत्रके करावयास लावण्याबरोबर एखादा मुक्त फाँट मूळ रेखाटनापासून बांधावयास लावावा. मराठीचा घ्यावा, तेलुगूचा घ्यावा, आणि आदिलाबाद परिसरात असेल तर गुंजाला गोंडीचाच घ्यावा. उतरविलेली साधने महाविद्यालयाच्या एका संगणकावर साठवून ठेवली की प्रत्येकाला इंटरनेटची वाट पाहावी लागणार नाही. गुंजालाच्या हस्तलिखितांतील अक्षरे तेथील माणसांनी पिढ्यान्पिढ्या हाताने उतरवून टिकविली. संगणकातील अक्षरेही त्याच परिसरातील हातांना पुन्हा बांधता आली, तरच ती लिपी खऱ्या अर्थाने त्यांची राहील.